अबोलीसाठी ब्लूज

अकोला,
१५ सप्टेंबर

चि. अबोली,

अनेक आशीर्वाद. इकडे सारं ठीक. तुझी आई स्वयंपाकघरात अंबाडीची भाजी निवडते आहे आणि रेडिओवरच्या बाईशी वाद घालते आहे. तुझी खोली रंगवून झाली, आणि नेमकं तुझ्या डॉक्टरीणबाईंनी अमरावती सोडायची नाही असं फर्मान काढलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही आईची हौस. पण आधी दोनदा जे झालं ते पाहता या वेळी हौस बाजूला ठेवलेली बरी. पलंगावरून उठायचं नाही म्हणजे नाही. ईशानरावांनाही मी तसं कळवलं आहे.

तुझा निरोप ऐकला. "बाबा, छताकडे पाहून पाहून येडी झाली मी. तुमची ती रडकी गाणी पाठवा. नाहीतरी मी रडूनच राहिली." म्हणून हा पेनड्राइव्ह. माझी आवडती ब्लूजची गाणी आहेत, मी लावलेल्या क्रमानेच ऐक. फोनवर का सांगत नाही म्हणशील, तर घसा बसला आहे. कोर्टात बोलून बोलून बसतो तसा. शिवाय व्हॉट्सॲपवर मला चार ओळींच्या पुढे सुचत नाही.

पहिल्या गाण्यात एकच माणूस आणि एक गिटार. हे मी प्रथम ऐकलं ते अमरावतीत, वकिलीला असताना, होस्टेलच्या खोलीत. सोबत तुझे इनायतकाका. त्याच्या मामूंनी कुवेतहून कॅसेटींचा खोका पाठवला होता. सगळ्या कव्वाल्या, त्यात ही एक नाव नसलेली. लावली, आणि इनायत पलंगावर उठून बसला. "अबे उद्धव, हा बुवा गाऊन राह्यला का भांडून राह्यला बे?" थोडं ऐकून स्वतःच म्हणाला, "भांडूनच राह्यला. पण कोनाशी?" त्या वर्षी आम्ही ती कॅसेट इतकी वाजवली की शेजारच्या खोलीतला जानराव रेक्टरकडे तक्रार घेऊन गेला.

गिटारच्या तारांवर काय फिरतंय ते ऐक. बोटं नाहीत, चाकूची पाठ किंवा फुटक्या बाटलीची मान. त्यामुळे सूर पायरी पायरीने चढत नाही, घसरत जातो, दुखणाईत माणूस कण्हतो तसा.

ही गाणी कुठली ते आम्हाला फार उशिरा कळलं. आफ्रिकेतून धरून नेलेल्या माणसांची नातवंडं-पतवंडं अमेरिकेत मिसिसिपीकडच्या काळ्या मातीत कापूस वेचायची. एकाने हाक घालायची, बाकीच्यांनी ओ द्यायची, त्यावर हात चालायचे. गुलामी कायद्यातून गेली, पण शेत मालकाचंच राहिलं. त्या हाकांमधून हे गाणं निघालं. आता आपल्याकडे बघ. गुलामीवरून तिकडे युद्ध पेटलं, त्यांचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. इनायतचा जिनिंगचा कारखाना आज ज्या कापसावर चालतो त्याची भरभराट अशी दुसऱ्यांच्या दुःखावर झाली. हे मी त्याला सांगितलं तर त्याने दिवसभर एक सौदा केला नाही. त्याने सौदा सोडणं म्हणजे काय हे तुला ठाऊक आहे.

दुसरं गाणं एका बाईचं. ब्लूजच्या पहिल्या तबकड्या बायांच्याच निघाल्या. ओळ म्हणते, तीच पुन्हा म्हणते, आणि तिसरीत उत्तर देते. सगळा ब्लूज असाच बांधलेला असतो. तुझी आजी जात्यावर बसायची तेव्हा तीही पहिली ओळ दोनदा घ्यायची. पुढची सुचायला तेवढा वेळ मिळतो म्हणायची.

तिसऱ्यातल्या माणसाचा आवाज घासलेला आहे. फाटलेलाच म्हण. आपल्याकडच्या गाण्याच्या मास्तरांनी याला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं. मी हे सध्या रोज ऐकतो. तुझी आई आली की बंद करते. का ते तिलाच ठाऊक.

शुक्रवारी इनायतसोबत नागपूरला एका कामासाठी जातो आहे. आईला त्याबद्दल विचारत बसू नकोस, ती कामात आहे.

प्रकृतीला जप. दूध नको वाटलं तरी घे.

तुझे,
बाबा

*

अकोला,
२ ऑक्टोबर

चि. अबोली,

आशीर्वाद. आज कोर्टाला सुट्टी. चौथं आणि पाचवं गाणं तू ऐकलंस असं ईशानराव म्हणाले. चौथं आहे ते दक्षिणेतल्या शेतांतून निघून शिकागोला गेलेल्या माणसांचं. कापूस सोडून हजारोंनी रेल्वेने गेले, कारखान्यांत लागले. शहरात गोंगाट इतका की साधी गिटार ऐकूच येईना, म्हणून तिला वीज जोडली. पाचवं इंग्लंडच्या पोरांचं. त्यांनी या तबकड्या समुद्रापलीकडून मागवल्या, घासून घासून शिकले, आणि त्यातून जे उभं राहिलं त्यावर सारं जग नाचलं. तुझ्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ती पोरं जे रॉक वाजवायची, त्याची आजी म्हणजे ही कापूस वेचणारी बाई. तिचं नाव मात्र कुणी विचारलं नाही.

हे सगळं मी काहून लिहून राहिलो, ते तुला कळलंच असेल. मुद्द्यावर यायला मला जड जातंय. आयुष्यभर साक्षीदारांना म्हणालो, "इकडचं तिकडचं नको, विचारलं तेवढंच सांगा." आता मीच पिंजऱ्यात उभा आहे.

तू इनायतला फोन केलास. त्याला खोटं बोलता येत नाही, घाबरला की हिंदीत शिरतो. तू विचारलंस, "काका, बाबांचं नागपूरला काय काम होतं?" आणि तो म्हणाला, "कुछ नहीं बेटा, डॉक्टर ने सिर्फ देखा." एवढ्यात सगळं आलं. नंतर माझ्याकडे येऊन पायरीवर बसला. "माह्या तोंडाले कुलूप लावाले पाह्यजे होतं," म्हणाला. मी त्याला चहा दिला. खरं तर मला सुटल्यासारखं झालं होतं.

आणि मग तुझा तो निरोप. "बाबा, मी काय काचेची बाहुली आहे का? तुम्ही मला जगभराची दुःखं ऐकवून राहिले, आणि स्वतःचं लपवून राहिले. मी पलंगावर पडली आहे, मेली नाही." तुझा आवाज चढला होता. मला त्यातही तुझ्या तब्येतीचीच काळजी. पण तू म्हणालीस ते बरोबर.

तर आता ऐक. घसा बसलेला नाही. स्वरयंत्रात गाठ आहे, ती कॅन्सरची आहे, आणि ती वाढली आहे. नागपूरच्या सर्जननी फोटो दाखवून समजावलं. तरुण आहेत, सभ्य आहेत. मी विचारलं, "नुसती गाठ काढून भागणार नाही का?" ते म्हणाले, "काका, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल." श्वासासाठी गळ्याला कायमचं भोक राहील. पुढे जमलं तर झडप बसवून थोडं बोलता येतं. "तो माझाच आवाज असेल?" मी विचारलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "नाही. पण बोलणं तुमचंच असेल."

तुझी आई बाहेर येईपर्यंत नीट होती. गाडीत बसल्यावर तिने मला शपथ घातली. "तिले काही सांगाचं नाही. कसंबसं पोटातलं सांभाळून राहिली ती. तिले धक्का बसला आन् काही झालं, तं मी तुमालेही माफ करणार नाही आन् मलेही." इनायत गाडी चालवत होता. नागपूर ते अकोला तिने माझी फाइल मांडीवर घट्ट धरली होती. तेव्हा तिच्यावर चिडू नकोस. तिच्या एका हातात तू होतीस, एका हातात मी.

ऑपरेशन सोमवारी आहे.

मला भीती कशाची वाटते ते सांगू? मरणाची वाटते, पण ती दुपारी वाटते, संध्याकाळी विसरतो. दुसरीच एक भीती सतत आहे. तुझं मूल या घरात खेळेल आणि मी त्याला हाक मारू शकणार नाही. खुर्चीत बसलेला एक मुका म्हातारा म्हणून ते मला ओळखेल. तुझं नाव आम्ही हौसेने अबोली ठेवलं, आणि तू घरात सर्वांत बडबडी निघालीस. अबोला माझ्या वाट्याला यायचा होता.

तू निरोपाच्या शेवटी म्हणालीस, "आवाज आहे तोवर काहीतरी रेकॉर्ड करून ठेवा, बाबा. बाळासाठी. अंगाई म्हणा." अंगाई मला जमली नाही. काल दुपारी इनायतच्या जिनिंगवर गेलो. हंगाम अजून सुरू नाही, यंत्रं थंड आहेत, त्यामुळे शांत होतं. त्याने मोबाइल टेबलावर ठेवला आणि स्टीलच्या डब्यावर बोटांनी ताल धरला. मी माझंच एक रचलं, दुसऱ्या गाण्यातल्या त्या बाईच्या चालीवर, आपल्या बोलीत:

गाडी गेली बडनेऱ्याले, मी ठेसनावर उभा,
अवं, गाडी गेली बडनेऱ्याले, मी ठेसनावर उभा,
आवाज माहा गाडीत बसला, देह राह्यला उभा.

अशी चार कडवी झाली. आवाज मधेच जात होता. जिथे गेला तिथे इनायत पुढे रेटून गायला, आणि तुला माहीत आहे, त्याला सूर नाही. शेवटच्या कडव्यात त्याचा ताल थांबला. पाहिलं, तर तो डबा पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी एकट्यानेच संपवलं.

रेकॉर्डिंग तुला पाठवलं आहे. कसं झालं ते मला माहीत नाही. मी ऐकलं नाही.

सोमवारी सकाळी देवापुढे दिवा वगैरे लावायचा असेल तर सासूबाईंना सांग. तू उठू नकोस.

भीतीने का होईना, पण खरं बोललेला,
तुझा बाबा

*

अकोला,
१० नोव्हेंबर

माझ्या अबोली,

तुला आणि तुझ्या लेकीला आशीर्वाद. तिचा फोटो माझ्या उशाशी आहे. आईने लिहून पाठवलं की आता ती काचेच्या पेटीतून बाहेर आली, वजन धरते आहे, आणि रडते तेव्हा सगळा वॉर्ड जागा होतो. वेळेआधी आली, पण आली. तुझ्या पोटाची जखम सुकते आहे ना? आईला तुझ्याकडेच राहू दे. इथे इनायत आहे, आणि त्याची रहिमाबी दोन वेळा पातळ पेज गाळून पाठवते. ती नाकातल्या नळीतून आत जाते. चव कळत नाही, पण तिने तूप घातलेलं असतं हे मला माहीत आहे.

माझ्या गळ्याला भोक आहे. त्यावर जाळीचं फडकं बांधतो. खोकला आला तर तिथूनच येतो. पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा आरसा उलटा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी इनायतने तो सरळ केला. "अबे, दाढी तं करशील का नाई?" एवढंच म्हणाला. ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो तेव्हा मी तुझ्या आईला, रमाला, हाक मारली होती. तोंड हललं, आणि काहीच आलं नाही. ती समोरच उभी होती, खिडकीकडे पाहत. तिने वळून पाहिलंच नाही. अबोली, त्या एका क्षणाइतका एकटा मी कधीच नव्हतो.

परवाचा व्हिडिओ कॉल माझ्या मनातून जात नाही. मी पाटीवर लिहायचं आणि इनायतने मोठ्याने वाचायचं, असं ठरलं होतं. मी लिहिलं, "कशी आहेस?" आणि हा पठ्ठ्या ओरडला, "बाबा म्हणते माही पोरगी शेर हाय!" मी लिहिलं, "बाळ कुणासारखं दिसतं?" तर म्हणाला, "बाबा म्हणते, इनायतकाकासारखं दिसते." तू हसलीस. मग बाळाला कॅमेऱ्यासमोर धरलंस, आणि मी पाटी विसरून बोलायला लागलो. ओठ हलत राहिले. किती वेळ ते मला ठाऊक नाही. इनायतने त्या वेळी काहीच वाचलं नाही. तू मात्र फोन ईशानरावांच्या हातात दिलास आणि दिसेनाशी झालीस.

त्यानंतर तुझा निरोप आला. "बाबा, ते गाणं मी ऐकलं नाही. ऐकणार नाही. ते लावलं की तुम्ही गेल्यासारखं वाटेल. मले तुमी इथं पाह्यजे, मोबाइलमधे नाही."

खरं सांगतो, मला लागलं. दोन दिवस मी कुणाला पाटीवर काही लिहिलं नाही. उरलेला सगळा आवाज मी त्या चार कडव्यांत ओतला होता, आणि तू ते उघडलंही नाहीस. मग काल इनायत जिनिंगवर गेला होता तेव्हा मी स्वतःच लावलं. पहिलं कडवं ऐकलं, आणि बंद केलं. मलाही पुढे जाववलं नाही. तेव्हा तुझं काही चुकलं नाही. ते राहू दे. पुसू नकोस, एवढंच. तुझी लेक मोठी होईल, तिला वाटलं तर ती ऐकेल. तिला आधीचा आवाज माहीत नसेल, म्हणून तिला काही गेल्यासारखं वाटणार नाही. तिच्यासाठी तो नुसता एक म्हातारा असेल, गाडी चुकलेला, आणि मागे दुसरा एक म्हातारा बेसूर.

आता तू विचारायच्या आधी सांगतो. काढलेल्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आला. कडेला थोडं राहिलं असावं अशी शंका आहे. पुढच्या आठवड्यापासून नागपूरला रेडिएशनचे शेक सुरू होतील, सव्वा महिना चालतील. गुण येईल असं डॉक्टर म्हणतात. खात्री देत नाहीत. मीही तुला देत नाही. तुझ्या आईला हे काल कळवलं. तिने उत्तरात फक्त लिहिलं, "तिलेही सांगा. या वेळी लपवू नका." म्हणून सांगितलं.

शेक सुरू व्हायच्या आधी एक रविवार मोकळा आहे. डॉक्टरांना लिहून विचारलं, त्यांनी परवानगी दिली. इनायत गाडी काढणार आहे. मी अमरावतीला येतो, तोवर तुम्ही दोघी घरी आला असालच. घरात शिरल्यावर तुझ्या लेकीला घाबरवणार नाही असा रुमाल गळ्याला बांधीन. तुला जे विचारायचं ते तोंडाने विचार, मी लिहीन. भांडायचं असेल तर भांड. मला तुझं ऐकायचं आहे. बाळाला माझ्या मांडीवर दे, आणि ती रडली तर लगेच उचलून घेऊ नकोस.

आता तुला वाचूनच ऐकावा लागेल असा,
तुझा बाबा