शेवंतीचा वाफा

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार
मंडळाविरुद्ध तक्रार नोंदवावी म्हणतो, आणि ती ऐकून घेणारं या वहीखेरीज कोणी नाही. उपनिषदांच्या वर्गाआधी चिटणीस मनोजराव दर रविवारी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घालतात. प्लास्टिकचा. तास संपला की काढायचा, झटकायचा, कपाटात. सहा वर्षं तोच हार! जग अनित्य आहे हे मी कोणत्या तोंडाने शिकवू? शिवाय मान खाजते.

२१ नोव्हेंबर
भातकुलीहून वर्षालीचा फोन – माझ्या थोरल्या बहिणीची, कौशल्याअक्काची सून. अक्का पहाटे फुलं तोडायला गेली ती शेवंतीच्या वाफ्यातच बसली. हाक मारली तर ओ नाही. दोन तासांनी आपली आपण उठली आणि चहा मागितला. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक.
संध्याकाळी गेलो. काय झालं होतं, विचारलं.
"फुलं तोडून राहिली होती. मंग तोडनारं कोनी राहिलंच नाही, बापू. फुलंच होती." आणि हसली. "तुले काय सांगू? तू तं लोकाइले शिकवतो हे."
अक्का चौथीपर्यंत शिकली. घरातून एकालाच पुढे शिकायला सोडता येत होतं. बाबांनी मला संस्कृत पाठशाळेत घातलं, तिला मळ्यात ठेवलं.

२९ नोव्हेंबर
आणखी दोनदा झालं. वही घेऊन गेलो. प्रकाश दिसला का, नाद ऐकू आला का, श्वास कसा होता – परीक्षकासारखा विचारत सुटलो. मग समजावलं: ही सविकल्प समाधी, हिच्यापुढची निर्विकल्प, पाठ ताठ हवी, नजर नाकाच्या शेंड्यावर. अक्का मांडीवर हात ठेवून शाळेतल्यासारखी ऐकत होती.
"मंग माही कोनती?"
"पहिली."
"म्हंजे अजून एक पास व्हाची राह्यली."
परतताना मी खूश होतो. हेही लिहून ठेवायला हवं.

८ डिसेंबर, रविवार
अक्काला मंडळात नेलं. तिने टोपलीभर शेवंती आणली होती. टोपली चपलांपाशीच राहिली. अक्काच्या गळ्यात तोच प्लास्टिकचा हार पडला. तिने एक पाकळी चाचपली, नाकाशी नेली. मग दोनच वाक्यं बोलली. लोक चुळबुळले. मनोजराव म्हणाले, "सर, तुम्ही जरा उलगडून सांगा."
पाऊण तास उलगडलं.

१४ डिसेंबर
वर्षालीचा फोन. "मामाजी, आई रोज पाठ ताठ करून बसून राहिल्या वाफ्यात. काही होत नाही. मंग रडतात."

२२ डिसेंबर, रविवार
अकोल्याच्या मंडळाचं बोलावणं. अक्का पंधरा मिनिटं बोलली. 'सविकल्प' कुठेही न अडखळता. टाळ्या. परतीच्या एसटीत विचारलं, "बराबर बोलली ना मी?"
"उत्तम."
मूर्तिजापूर मागे पडल्यावर खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "बापू, ते येत नाही आता."
मी म्हणालो, "अभ्यास सोडू नकोस."
खरंच म्हणालो.

५ जानेवारी, रविवार
वर्गाला सुट्टी दिली, भातकुलीला गेलो. बांधावर तिच्याशेजारी बसलो. शेवंती संपत आली आहे. कित्येक वर्षांनी आमच्या बोलीत बोललो – "अक्का, म्या सांगतलं ते समदं सोड. पयल्या दिवशी काय झालं ते तू सांग मले."
तिने बराच वेळ आठवून पाहिलं.
"तूच सांग ना, बापू. तुले पाठ हाये."

६ जानेवारी
पंचवीस वर्षं शिकवतो आहे. मला स्वतःला कधी काहीही झालेलं नाही. कोणाला सांगितलं नाही – या वहीलाही नाही. आमच्या घरात एकीला झालं होतं. तिचं ते आता परत येणार नाही, आणि ते माझ्यामुळे, याची मला भीती वाटते.