आक्कांची अर्धी भाकरी

५ मार्च
पोचले एकदाची! कोडोलीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला तीन खोल्यांचा हा ख्रिस्ती आश्रम. माझा प्रबंध इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्विनींवर. चौथ्या शतकात त्यांतल्या एकीनं स्वतःला थडग्यात कोंडून घेतलं; दहा वर्षं खिडकीतून अन्न घेतलं, तोंड कुणालाच दाखवलं नाही. इथल्या आक्का टोकाच्या खोलीत कोंडून घेऊन तेच व्रत करतात. आश्रम सांभाळणाऱ्या शांतव्वांनी दारातच विचारलं, "पावणं, जेवून आलायसा न्हवं? आजपास्नं ईस्टरपतुर उपास हाय." मटणाचा रस्सा हाणून आलेय हे मी सांगितलं नाही. ईस्टरच्या आधी विश्वजितदादा न्यायला येईल. मग माझ्या लग्नाची गडबड!

९ मार्च
आक्कांची भाकरी आता मीच नेते. खिडकीतून हात येतो, नुसती कातडी न् हाडं. अर्धी मोडून घेतात, अर्धी परत देतात. ती नेणारीनं खायची, अशी इथली रीत. बिनमिठाची, तरी गोड लागली. प्रबंधात एक प्रकरण वाढणार.

२१ मार्च
भूक मेलीय. माझी, आणि भूक! घरी सांगितलं तर हसतील. त्या अर्ध्या भाकरीवर दिवस निघतो. बांगड्या मनगटावरून घसरतात. शांतव्वा म्हणाल्या, तपाला लागलीस. मला ते आवडलं नाही.

८ एप्रिल
आज खिडकीतला हात नीट पाहिला. गुबगुबीत. अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग. तसाच माझ्या हाताला आहे — होता. आता सापडत नाही. फार भीती वाटते. दादाला फोन केला. रविवारी येतो म्हणाला.

१२ एप्रिल
आक्का पहिल्यांदाच बोलल्या. उद्या तासभर आत बसून बघ, त्याशिवाय त्या वाळवंटातल्या बायका तुला काय कळणार, म्हणाल्या. आवाज माझ्यासारखा. नको वाटतं. पण असा अनुभव सोडून प्रबंध लिहू कशाच्या जोरावर? हाव आहे ही, कळतंय मला.

१३ एप्रिल, सकाळ
आत आहे. वही जवळ आहे. आक्का पाठमोऱ्याच बाहेर गेल्या. शांतव्वांनी कडी घातली. तास कधीच झाला. हाका मारल्या — उघडत नाहीत. मला आक्का म्हणतात.

दुपार
दादाची गाडी. खिडकीतून दिसतंय. माझा ड्रेस, माझी बॅग, माझं तोंड — ती. मी ओरडले. दादानं विचारलं, कोण गं? ती म्हणाली, "आक्का हाईत. उपासात वरडत्यात अशा."

त्यानं चप्पल काढली. खिडकीकडं बघून हात जोडले. दादा, मला नको रे हात जोडू, मी तुझी —