मेल थांबत नव्हती

४ मे २०२४, शनिवार. बारामती.
ठरलं. उजनी धरणात बुडालेल्या जुन्या रेल्वे लाइनवर माझ्या बायकोचं, करुणाचं माहेर. तिथे मेल गाडी थांबायची, असं ती म्हणायची. मी लग्नापासून सांगत आलो, एवढ्याशा हॉल्टवर मेल थांबत नसते. वाद अर्धाच राहिला. २६ तारखेला ती जाऊन वर्ष होईल, तिचं पहिलं पुण्यानुमोदन. तिचा भाऊ सोमनाथ माइकवर मेल थांबवणारच. त्याआधी पुरावा हवा. दुःखाबिःखाचा संबंध नाही, निव्वळ संशोधन. यंदा पाणी खूप खाली गेलंय, लाइन उघडी पडली आहे. उद्या पहाटे निघणार.

५ मे. रात्री.
दहाला निघालो. गजर लावायचं काम कधी माझ्याकडे नव्हतं. भिगवणला सोमनाथच्या हॉटेलात मासे खावे लागले. म्हणाला, "दाजी, कशाला उन्हात हिंडताय? मी सांगतो की, थांबायची." एवढ्या आग्रहाने सांगतोय म्हणजे लपवतोय. जेवणानंतर झोप लागली. लाइन राहिली.

११ मे.
लाइन सापडली! रूळ नाहीत, पण भराव आहे, खडी आहे. प्लॅटफॉर्म नाही. टेपने मोजमाप घेतलं. पाणी हटलेल्या धरणाच्या सरकारी जमिनीत लोकांनी पिकं केली आहेत. झुंबर नावाच्या शेतकऱ्याला विचारलं, इथे मेल थांबायची का? म्हणाला, "मेल? सायब, हितं कवा रेल्वेच न्हवती." मी पायाखालची खडी दाखवली. म्हणाला, "ती नदीनं आणली." शेजारच्या वावरातली रेश्मा म्हणाली, "आमी तर कालच आलोय हितं." तिची मका कमरेएवढी होती.
निष्कर्ष: मेल सोडा, गाडीच नव्हती. मी जिंकलो.

१२ मे.
झोप नाही. सगळे एकाच सुरात कसे बोलतात? सोमनाथने पढवलं असणार. पण मग ते त्याच्याविरुद्ध का बोलतील? यातच त्याची हुशारी.

१८ मे.
परत गेलो. टेप काढली की माणसं गोळा होतात. झुंबरने स्कूटरवर कलिंगड ठेवलं. म्हणाला, "सायब, मोजणी जरा तिकडनं धरा की." कलिंगड पुरावा म्हणून ताब्यात घेतलं. गोड निघालं.

१९ मे.
आज साखरबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई काठी टेकत आल्या. "सायब कुठलं?" म्हटलं, बारामती, पाटबंधारे खातं, रिटायर्ड. झुंबरचा चेहरा पडला. मग सांगितलं, इथल्या रेल्वे गँगमनची मुलगी करुणा, तिचा मी नवरा.
बाई ओरडल्या, "आरं झुंबऱ्या, जावई हायती! जमीन मोजायला न्हाय आलं!"
मग सगळ्यांना एकदम रेल्वे आठवली. साखरबाई म्हणाल्या, "थांबायची की मेल. रोज. लाइन एकच, समोरची गाडी जाईस्तवर हिला बाजूला उभी करायचे. मी अन् करुणा खिडक्यांशी पेरू विकायचो. कुनी भाव पाडला की ती म्हणायची, उतरा खाली, झाडावरनं घ्या."
हे वाक्य नक्की तिचंच. असंच बोलायची.
पेरूचं मला कधी सांगितलं नाही. का लपवलं? चौकशी करावी लागेल.

२५ मे.
उद्याचं भाषण लिहिलं: मेल थांबायची, माझी चूक होती. पाठ केलं. आवाज स्वच्छ येतो.

२६ मे. दुपारी.
वंदना झाली. सोमनाथ माइकवर म्हणाला, "ताईच्या दारात मेल थांबायची." सवयीने सगळे माझ्याकडे वळले. मी उठलो. म्हणालो, "शक्य नाही. एवढ्याशा हॉल्टवर मेल थांबत नसते."
आणि नेहमीप्रमाणे करुणाच्या उत्तराची वाट पाहिली.
हॉलमध्ये पंखे फिरत होते. कुणी उलटून बोललं नाही. मग सोमनाथ हळूच म्हणाला, "दाजी म्हणतात तसंच असंल."