पडद्याआडचे ताट

ता. २ नोव्हेंबर १९९३
मी, तुकाराम हरी मेश्राम, वय अडुसष्ट, चौथी पास, कापड मिलच्या रिंग म्हणजे सूतकताई खात्यातील निवृत्त जॉबर (मुकादम), राहणार परदेशीपुरा, इंदूर, धर्माने बौद्ध, वडील महूच्या पलटणीत हवालदार, येथे खरे तेच लिहीन. अन्यत्र आजपासून मनाई आहे.
मिल बंद पडल्यापासून घरी बसलेल्या चि. अशोकने जुनी इंदूर भागात गाळा भाड्याने घेऊन खानावळ काढली. आपल्या वस्तीपासून मुद्दाम लांब. पाटी: 'श्रीगणेश मराठी भोजनालय'. मी विचारले, आपल्या घरात श्रीगणेश कधीपासून? म्हणाला, "बाबा, लोक पाटी बघूनच आत येतात. तुम्ही बस चूप रहा."

ता. ५
गिऱ्हाईक बरे. सौ. वंदना सूनबाईचे भरीत, ज्वारीची भाकरी, पळसाच्या पानांत भाजलेले मक्याचे पानिये. हाताला चव आहे.
माझे ताट पडद्याआड. मिलमधला कोणी आला आणि त्याने ओळखले तर, म्हणून.
आमच्या काळी विणाई खात्यात आम्हांस घेत नसत. धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, आणि आमच्या ओठांचे सूत इतरांस चालत नसे. आज सूनबाईच्या हातची भाकरी सगळ्यांना चालते. फक्त हात कोणाचा ते...

ता. ११
अशोक भाजी आणावयास गेला, म्हणून मी गल्ल्यावर बसलो. बँकेतले कुलकर्णीजी रोज दुपारी जेवतात. सज्जन गृहस्थ. म्हणाले, "बाबूजी, सच्ची सांगतो, आईची याद आली. तुम्ही मूळचे कुठले?"
"अकोल्याकडचे."
"अच्छा. आणि आडनाव?"
मी तोंड उघडले, तोच पिशवी घेऊन दारात आलेला अशोक बोलला, "देशमुख."
"तरीच! तरीच म्हणतो, हातात संस्कार आहेत."
रात्री जेवलो नाही.

ता. १२
अशोकशी बोललो.
"चायनीजच्या ठेल्यावर कोणी जात विचारतं का, बाबा?"
"मग तू का सांगितलीस?"
"त्यांनी विचारली म्हणून. मिल चालू असती तर मी हे केलं असतं का?"
सूनबाई कणीक मळत होत्या. त्या म्हणाल्या, "दोघंही हळू बोला. भिंतीपलीकडे गाळ्याचा मालक राहतो."

ता. १९
लिहिणे भाग आहे.
दुपारी सर्व बाके भरलेली. मी हात धुण्यास पडद्याबाहेर आलो. त्याच वेळी सावळाराम आत शिरला. रिंग खात्यात माझ्या हाताखाली होता, आता हातगाडी ओढतो. मला पाहताच मिलमधल्यासारखा मोठ्याने ओरडला, "जय भीम, जॉबरसाहेब! अरे, हे तर आपलंच हॉटेल निघालं!"
घास थांबले. अशोक माझ्याकडे पाहत होता. मी नुसती नकारार्थी मान हलवली असती तरी भागले असते, सावळारामला वेडा समजून लोकांनी सोडून दिले असते.
मी तांब्या खाली ठेवला, हात जोडले. "जय भीम, सावळाराम. बस. जेव."
कुलकर्णीजींनी अर्धी भाकरी तशीच टाकली. एरवी ते पैसे अशोकच्या हातात देतात. आज ताटाशेजारी ठेवले व गेले. त्यांच्या मागोमाग बाकीचे.
सावळारामला काही उमगले नाही. आणखी भरीत मागितले.

ता. २१
काल कोणी नाही. आजही नाही. भरीत घरी आणले, तेच दोन्ही वेळा.
मालक येऊन गेला. "भिया, धुआँ बहुत होता है. अगले महीने से दूसरी जगह देख लो." अशोक म्हणाला, पहिल्या दिवसापासून हीच चूल आहे. मालक हसला.
मग अशोक मला म्हणाला, "तुमचा मान राहिला, बाबा. आता पोरांना काय खायला घालू?" त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपे गेले असते.

ता. २३
दुपारी पुढच्या बाकावर बसून जेवलो. सावळाराम समोर. त्याला आता कळले आहे. खाली मान घालून म्हणाला, "साहेब, मी नव्हतं यायला पाहिजे." मी म्हणालो, भाकरी निवते आहे.
इतक्यात दारात कुलकर्णीजी. चपला पायातच. रस्त्याकडे एकदा पाहिले. "देशमुखजी, भरीत... आहे का?"
मी अशोककडे पाहिले. हे मी बोलावयाचे नव्हते.
अशोकने मान वर न करता पोळपाट पुसला. "मेश्राम," तो म्हणाला. "अशोक तुकाराम मेश्राम. भरीत आहे. बसून खायचं असेल तर बसा, बांधून मिळणार नाही."
हजर: चि. अशोक, सौ. वंदना, सावळाराम, मी स्वतः. आणि उंबऱ्याबाहेर कुलकर्णीजी, हे लिहीपर्यंत तेथेच उभे.