आईचा ठेवणीतला झगा

सस्कॅचेवान, मार्च १९३८

प्रिय ओनुफ्री,

तुझ्या सिनेमाची जाहिरात अजून गावच्या हॉलच्या दारावर आहे. एक कोपरा वाऱ्याने फाटलाय, पण कुणी ती काढत नाही. माझा नाचाचा वर्ग मात्र बंद पडल्यात जमा आहे. मोठ्या पोरी शहरात कामाला गेल्या, राहिलेल्यांना नाचाच्या लाल बुटांची लाज वाटते. तू म्हणायचास, आपला नाच एकदा पडद्यावर दिसू दे, पोरं आपोआप परत येतील. सिनेमा बघून बाहेर आल्यावर त्यांनी मला काय विचारलं, माहीत आहे? ‘मावशी, यात कुणी मोटार का नाही चालवत?’

तू कपडे मागायला आलास तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सिनेमातल्या गावासाठी तुला जुने, खरे कपडे हवे होते. आईने पेटी उघडली आणि अगदी तळातून आपला मरणाचा झगा काढला, पुरताना अंगावर घालायला जपून ठेवलेला. मी म्हटलं, ‘आई, तो नको.’ ‘गप गं! मी काय उद्याच मरतेय? माझं पोरगं सगळ्या अमेरिकेला आपलं गाव दाखवणार, आणि मी त्याला फडकं देऊ?’ गॅलिशियातलं गाव सोडून इकडे कॅनडात यायला निघताना तिने भांडीकुंडी मागे टाकली, पण तो झगा आणला. बाह्यांवरचं तसलं काळं-लाल भरतकाम आपल्या गावाबाहेर कुठेच नाही. ते बघूनच आधी गेलेले बाबा तिला वर ओळखणार होते. ‘वेळेवर परत आण हो,’ ती तुला म्हणाली, ‘नाहीतर तुझ्या बापासमोर मी परकी बाई!’ तू हसलास आणि तिचे हात ओठांना लावलेस.

इथे सिनेमा लागला तेव्हा तू दुसऱ्या गावी होतास. आई पुढच्या बाकावर माझ्याशेजारी बसली होती. तिला तेव्हाच धूसर दिसायला लागलं होतं. लग्नाच्या नाचात तो झगा आला, कुणा उंच मुलीच्या अंगावर. त्याला बाह्या नव्हत्या. नाचताना हात मोकळे दिसावेत म्हणून कापल्या असतील. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता आणि आई माझा दंड धरून विचारत होती, ‘माझी बाही दिसते का गं?’ मी म्हटलं, ‘दिसते.’

त्यानंतर तू प्रत्येक पत्रात लिहीत राहिलास की कपड्यांची पेटी मागून येतेय, आणि मी ते तिला वाचून दाखवत राहिले.

आई आता राहत नाही, झगा पाठव, अशी जानेवारीत तार केली, तेव्हा बर्फाने गाड्या अडकल्या असं तू कळवलंस. अडकल्या असतील. शेवटच्या दिवशी मी माझ्या लग्नातला झगा तिच्या पांघरुणावर ठेवला. म्हटलं, ‘आई, आला बघ तुझा झगा.’ तिने बाहीवरून बोटं फिरवली. ते भरतकाम मी इथे आल्यावर शिकलेलं, साबणाच्या कागदावरचे गुलाब बघून. मग ती म्हणाली, ‘असू दे. तुझ्या बापाला तरी कुठे धड दिसत होतं!’ आणि थोड्या वेळाने, ‘ओनुफ्रीला कळव, झगा मिळाला म्हणून.’

तिला आंघोळ घालून तो झगा शेजारच्या परास्का मावशीने चढवला. गुलाबांवर तिचा हात थबकला. माझ्याकडे न बघता तिने गळ्याची नाडी बांधली.

मी प्रार्थनेला बसते तेव्हा मला गर्दी दिसते. आई त्या गर्दीत उभी असते आणि बाबा तिच्या अंगावरून पुढे निघून जातात. रोज जातात. पाद्रीबाबा म्हणतात, देवाघरी कपडे लागत नाहीत. त्यांचं बरोबर असेल, पण मला धीर येत नाही.

आणि आता हॉलमध्ये तुझी चिठ्ठी वाचून दाखवली. दुसरा सिनेमा काढतोयस, ईस्टरला येशील, जुने कपडे काढून ठेवा. बायकांनी पेट्या उघडल्यात, ओनुफ्री. तुला काय द्यायचं यावरून त्यांच्यात चढाओढ लागली आहे. परास्का मावशीनेही तिचा मरणाचा झगा उन्हात घातलाय. सगळं ठाऊक असून! मी नुसती बघत राहिले, तर मलाच म्हणते, ‘सिनेमात निदान नाचेल तरी. जमिनीखाली काय नाचणार?’ तू ये. सिनेमा दाखव, त्यांच्या हातचं जेव. पण त्या तुला नाही म्हणणार नाहीत, म्हणून तू नाही म्हण.

तुझीच,
मेलानिया