पाय लावायची जागा

गावभरच्या बायकांच्या कंबरा नीट करायला तू मला पुढं केलंस, आणि माझी कंबर गेल्यावर मी कुणाच्या दारात जायचं ते मात्र सांगून गेली नाहीस. ही काय रीत झाली का, आये? मी पायाळू जन्मले, आधी पाय आले आणि मग डोकं, यात माझी हुशारी काही नव्हती आणि तुझे हालच झाले असणार. पण तू त्याचा केवढा थाट केलास. कुणाची उसण भरली, कुणाला वाकता येईना, की ती बाई आपल्या अंगणात पालथी पडायची आणि तू मला खेळातनं ओढून आणायचीस. डाव्या पायाचा अंगठा दुखऱ्या जागी तीनदा लावायचा, बोलायचं नाही, मागं न बघता घरात जायचं. घरात कुणाच्या पायात काही नव्हतं तेव्हा मंगळवेढ्याच्या बाजारातनं तू मला एकटीला वहाणा आणल्यास. थोरला रडायला लागला तर त्याला म्हणालीस, "तुजा पाय काय कामाचा हाय? हिच्या पायात काटा मोडला तर गावानं कुटं जायचं?" दोन वर्षं मी त्या वहाणांवर राणीसारखी चालले. आता तोच पाय माझ्या स्वतःच्या कंबरेला पोचत नाही. करून बघितलं. पलंगावरनं पडले असते.

एकदा मात्र तू मला मारलंस. चावडीमागच्या म्हातारीनं बोरं तोडली म्हणून मला शिव्या दिल्या होत्या, आणि आठ दिवसांत तीच आपल्या अंगणात पालथी. मी अंगठा न लावता टाच हाणली. ती कळवळली, आणि तू फडताळावरचं रवीचं दांडकं काढून माझ्या पोटरीवर दिलंस. "लाथ न्हाई मारायची. पाय लावायचा. दुकतंय तिला, तुला न्हाई." आणि गंमत बघ, दुसऱ्या दिवशी म्हातारी चालत आली आणि म्हणाली, लई बरं वाटलं, पोरीच्या पायाला गुण हाय. त्या दिवसापासून माझा या विद्येवरचा विश्वास उडाला तो उडालाच. तुला बोलले नाही. वहाणा गेल्या असत्या.

तुझी स्वतःची कंबर तर रोजचीच. दोन वेळच्या भाकरी थापायच्या, चुलीपुढं तासन्तास वाकून, आणि त्या झाल्या की काठवट भिंतीला लावून तू तिथंच जमिनीवर पालथी पडायचीस. "ये गं. लाव." दुसऱ्या बायकांना जागा विचारायला लागायची, तुला कधी विचारली नाही. माकडहाडाच्या चार बोटं वर, जरा डावीकडं. डोळे मिटून माझा अंगठा तिथं जायचा. अजून मला तुझ्या लुगड्यातला तो उबारा अंगठ्याला कळतो. तू श्वास सोडायचीस, उठायचीस आणि जनावराला पाणी दाखवायला जायचीस.

मग ते दवाखान्याचं. मी दहा वर्षांची असेन. तुला उठताच येईना तेव्हा आबांनी बैलगाडी जुंपली आणि तालुक्याला नेलं, वाटेत तुला आधार म्हणून मला घेतलं. डॉक्टर चष्म्यातनं तुझ्याकडं बघून म्हणाला, बाई, कुठं दुखतंय? तू पदर सारखा केलास. आबा खुर्चीच्या पाठीवर एक हात टेकून उभे होते, ते म्हणाले, "काय न्हाई सायेब. कामाचा कंटाळा हाय तिला, दुसरं काय?" डॉक्टर हसला, आबा हसले. गोळ्या मिळाल्या. त्यानंतर तू अठरा वर्षं जगलीस आणि त्या गोळ्यांचं नाव पुन्हा काढलं नाहीस. दवाखान्याचंही नाही.

आता माझं ऐक. मी सोलापुरात आले, नवरा गेल्यावर कडक भाकरीचं काम धरलं आणि त्यावर पोरगा शिकवला. पापडासारखी पातळ थापायची, शेकायची, वाळवायची, गठ्ठे बांधून सात रस्त्याच्या दुकानात पोचवायची. तीस वर्षं बसून, वाकून. आता पोरगा हापिसात आहे, जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि तिथंही मी सकाळी शंभर भाकरी थापते, कारण रिकामं बसलं की माणूस टीव्हीला चिकटतं. चार वर्षं झाली कंबर धरलीय. मलम, शेक, काढा, पट्टा, सगळं झालं. शेवटी पोरानं मला त्या मशीनच्या नळकांड्यात घालून मणक्याचा फोटो काढवला आणि मोठ्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर पोरगेलासा, पण बरा. म्हणाला, "आजी, कुठं दुखतंय?" आणि मी पदर सारखा केला, आये. सगळ्या गावाला उलटं बोलणारी मी, पदर सारखा केला. पोरगा म्हणाला, "डॉक्टर, डावा पाय ओढत चालते ती. कळ पार पायात उतरलीय. तिला नीट सांगता येत नाही." डॉक्टरनं फोटोत बघितलं, मणक्यातली गादी सरकून नस दबलीय, पाय धरला असेल तर ऑपरेशनचा विचार करू म्हणाला, आणि शुक्रवारी तारीख ठरवायला बोलावलं.

पाय ओढत होते हे खरं. पण तो कंबरेनं नाही, कुरुपानं. डाव्या अंगठ्याखाली हे एवढं कुरूप झालंय, चपलेत खडा ठेवल्यासारखं. ते मी कुणाला दाखवलेलं नाही. का, तर इथंही बायका येतात. खालच्या मजल्यावरची मास्तरीण येते, शिकलेली, मोबाईल बाजूला ठेवते आणि सतरंजीवर पालथी पडते. पायाळूच्या पायालाच कुरूप म्हटल्यावर उद्या कोण येईल? विश्वास नाही, पण मान सुटत नाही. तुझीच शिकवण.

शुक्रवारपर्यंत घरात ऑपरेशनच ऑपरेशन. पोरगा फोनवर सगळ्यांना सांगतोय, आईनं ठरवलंय. मी चटणी कुटत ऐकतेय आणि विचार करतेय, कधी ठरवलं बाई? भ्यायले नव्हते. कापायचं तर कापा, पण जे दुखतंय ते कापा की. शुक्रवारी डॉक्टरनं पुन्हा तेच विचारलं, आणि पोरानं माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. अगदी आबांसारखा, तोच हात. आबांना, स्वतःच्या आज्याला, त्यानं कधी बघितलेलंही नाही. म्हणाला, "तसंच आहे, डॉक्टर. पाय—"

"तू भाईर बस," मी म्हणाले.

"आई, अगं मी नीट सांगतोय ना."

"माझी कंबर हाय का तुजी? जा, च्या पी."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. पोरगा तांबडालाल होऊन बाहेर गेला. मग मी चप्पल काढली आणि साठ वर्षं मिरवलेला पाय त्या परक्या पोराच्या टेबलाशी धरून कुरूप दाखवलं. डॉक्टरनं मला झोपवलं, दोन्ही पाय सरळ धरून वर उचलले, अंगठे रेटायला लावले, टाचांवर चालवलं. म्हणाला, पायात ताकद आहे, कळ उतरत नाही. मी विचारलं, "ऑपरेशन केलं तर कंबर दुकायची ऱ्हाईल का?" तो म्हणाला, "आजी, पायातली कळ असती तर बरीच कमी झाली असती. नुसत्या कंबरेची खात्री मी देणार नाही. गादी फोटोत दिसते, पण तुमच्या वयाच्या पुष्कळ माणसांच्या फोटोत ती दिसते, आणि ती माणसं चालत असतात." मग दोन वाटा सांगितल्या. तीन महिने रोज व्यायाम, चालणं आणि जमिनीवर वाकून थापणं बंद. नाहीच हटलं तर एक इंजेक्शन, तेही थोड्या दिवसांचं. पाय लुळा पडला किंवा लघवीचं भान गेलं तर मात्र त्याच दिवशी यायचं, तेव्हा हट्ट करायचा नाही. मी म्हणाले, व्यायाम. डॉक्टर म्हणाला, "आणि आधी ते कुरूप काढून घ्या." पोराला आत बोलावून मीच सांगितलं. तीन दिवस बोलला नाही, चौथ्या दिवशी ओट्याजवळ उभ्यानं थापता येईल असा उंच पाट करून आणला.

आता मी उभं राहून थापते. पहिल्या आठ दिवसांच्या भाकरी तू बघितल्या असत्यास तर दांडकं काढलं असतंस, कडा जाड आणि मधी नकाशा. नात सातवीत आहे, ती व्यायाम मोजते आणि मी चोरून चार कमी केले की ओरडते. दुखणं गेलेलं नाही, कुणी सांगितलं गेलं म्हणून? सकाळी उठताना शिवी निघते. पण शिवी माझी, दुखणंही माझं, आणि त्याचं काय करायचं ते मला विचारून होतं.

हे नातीच्या वहीत लिहिलंय. माझं चौथीपर्यंतचं अक्षर, तुला वाचता येत नव्हतं आणि पोस्टमनला पत्ता कळायचा नाही, तेव्हा पानं फाडून भाकरीच्या डब्याखाली घालणार आहे. एक मात्र सांगते. तालुक्याच्या दवाखान्यात आबा बोलले, तू गप्प बसलीस, त्यावरनं मी जन्मभर दोघांना बोल लावला. पण त्या खोलीत मीही होते. माकडहाडाच्या चार बोटं वर, जरा डावीकडं, हे जगात मला एकटीला ठाऊक होतं. मी वहाणांकडं बघत उभी राहिले.

आता मी विचारते, माझ्या पायानं तुला एक दिवस तरी बरं वाटलं का? खरं सांग. आणि तू सांग. आबा मधी तोंड घालायला लागले, तर म्हणावं, भाईर बसा.