नकाशावर शाळेत राहणारी मुलगी

१७ फेब्रुवारी
शाळा सुटल्यावर वर्गातच बसून वंदनाताईंचा फॉर्म भरला, माझ्या मोबाईलवर. खासगी शाळांत गरीब मुलांसाठी असलेल्या पंचवीस टक्के मोफत जागांचा. त्यांची लेक प्रांजली आमच्या बालवाडीत आहे, जूनमध्ये पहिलीला. आत्ताच माझ्या पहिलीच्या वर्गात डोकावून फळ्यावरच्या माझ्या चुका काढते. आई वाशीमकडची, हिंजवडीत कंपनीच्या कॅन्टीनला. बस गाठायची म्हणून सारखं घड्याळाकडे लक्ष. नकाशावर तो खुणेचा फुगा ठेवून घर दाखवा म्हटलं, तर "मले नाही समजत बाई तो नकाशा, तुम्हीच लावा फुगा." लावला. सुटलो एकदाचे.
मु.अ. देवधरबाई दारातून, "शाळा आपली, जाहिरात शेजारच्यांची. चालू द्या." मुख्याध्यापिका आहेत. पहिलीचा पट दरवर्षी घसरतोय, त्या बोलणारच.

१८ फेब्रु.
सकाळी यांच्याशी वाद. पोहे कच्चे इथून सुरुवात, मग थेट सरकारी धोरण. खासगी शाळांत मुलांची फी भरण्यापेक्षा सरकारनं तुमच्याच शाळा नीट कराव्यात, असं यांचं म्हणणं. पटतं. मी तरी आयुष्यभर दुसरं काय म्हणत आले? पण शाळा नीट होईपर्यंत प्रांजली सहा वर्षांचीच राहणार आहे का?
आणि आमचा निखिल कुठे शिकला? ज्या इंग्रजी शाळेसाठी फॉर्म भरला, तिथेच. त्याला तिथे सोडून मी इकडे महापालिकेच्या शाळेत शिकवायला यायचे. हे बोलले नाही. यांना माहीत आहेच.

९ एप्रिल
सोडतीत प्रांजलीचं नाव! वंदनाताई कॅन्टीनच्या टोपीसकट आल्या. "लागलं ना बाई नाव," एवढंच दोनदा म्हणाल्या. मला रडू आलं. निम्मं आनंदाचं. उरलेलं कशाचं ते…

२२ एप्रिल
पडताळणीत बाद.
फॉर्मवर घर त्या इंग्रजी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत. भाडेकरारावर मात्र पुलापलीकडचं, बरंच लांब. पडताळणीच्या साहेबांनी विचारलं, "खोटी माहिती का दिलीत?" वंदनाताई कागद उचलून सरळ माझ्याकडे आल्या. मी विचारलं, सांगितलं का नाहीत की फॉर्म बाईंनी भरला? "तुमचं नाव येईन ना मग मधात."
फॉर्म उघडून पाहिला. फुगा आमच्या शाळेवर! 'सध्याचं ठिकाण' हे बटण मी वर्गात बसून दाबलं होतं. सव्वीस वर्षं इथेच काढली, आता दुसऱ्यांची घरंही इथेच दाखवतेय. मूर्ख बाई.

२३ एप्रिल
प्रांजली पहिलीला माझ्याच वर्गात यावी असं मला वाटत होतं. हे एकदा लिहून टाकते. बटण मात्र चुकूनच दाबलं गेलं. देवाशप्पथ.
आणखी एक. फुगा बरोबर लावला असता तर नंबर लागलाच असता असं नाही. जवळची मुलं आधी घेतात. म्हणजे ती जागा कदाचित दुसऱ्याच कुणाची. मग मी न्याय मागतेय की नुसती भीक? कळत नाही. पण खोटेपणाचा शिक्का त्या माउलीवर नको. तो माझा आहे.

२५ एप्रिल
अर्ज लिहिला. चूक माझी, पालकांची नाही, फेरविचार व्हावा. देवधरबाईंनी दोनदा वाचला. "चौकशी लागेल तुमच्यामागे." लागू दे म्हटलं. त्यांनी सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली, 'सदर शिक्षिका प्रामाणिक आहेत.' इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग म्हणाल्या, "आता फुगू नका."

१६ जून
शाळा सुरू. अर्जाचं उत्तर नाही. ना हो, ना नाही. दोनदा ऑफिसात जाऊन आले, "साहेब मीटिंगमध्ये."
वंदनाताई प्रांजलीला घेऊन दारात. "उत्तर येईपर्यंत बसू द्या तिले तुमच्यापाशी." बसवली, पहिल्या बाकावर.
पहिलीची तुकडी टिकायला पटावर एकच नाव कमी पडतंय. देवधरबाई म्हणाल्या, "घालून टाका हिचं." पण आमच्या पटावर नाव चढलं की तिकडची आशा संपली. शेवटची ओळ कोरी ठेवली. देवधरबाईंनी ती पाहिली आणि वही माझ्याकडे सरकवली.
हजेरी घेतली. शेवटच्या नावानंतर वही मिटली. प्रांजली उभी राहिली.
"बाई, मी पण हजर."